जुना डिजिटल कॅमेरा : ठेवावा, विकावा की विकत घ्यावा?

कपाटाच्या वरच्या कप्प्यात, न वापरलेल्या भेटवस्तू आणि बंद पडलेली इस्त्री यांच्या शेजारी, आजकाल अनेक घरांत आणखी एक वस्तू हमखास सापडते. काळ्या पिशवीतला मोठा डिजिटल कॅमेरा. पंधरा-वीस वर्षांपूर्वी मोठ्या हौसेने घेतलेला, बारशाला, मुंजीला, सहलीला गळ्यात मिरवलेला. पुढे हातात चांगला मोबाइल आला आणि कॅमेरा वर गेला, तो वरच राहिला. दिवाळीच्या साफसफाईत दरवर्षी प्रश्न निघतो, ‘याचं करायचं काय?’ भंगारात टाकायला जीव होत नाही आणि विकायला काढला, तर दुकानदाराने सांगितलेला भाव ऐकून वाईट वाटते.

दुसरीकडे, कॉलेजात जाणारी मुले नेमका असाच जुना कॅमेरा ‘सेकंड हँड’ मिळतो का, म्हणून बाजार धुंडाळत असतात. नवा कॅमेरा घेऊन देण्याची ऐपत प्रत्येक घरात नसते. आईवडिलांना कळत नाही, की मुलाच्या हौसेला द्यायचे हे पैसे सत्कारणी लागतील की पाण्यात जातील.

‘घ्या’ किंवा ‘घेऊ नका’ असे एका शब्दात उत्तर देऊन हा प्रश्न सुटणार नाही. जुना कॅमेरा काय करू शकतो आणि काय करू शकत नाही, हे आधी समजून घ्यायला हवे. त्यासाठी एकच कॅमेरा उदाहरणादाखल घेऊ. निकॉन कंपनीचा ‘डी ४०’. नोव्हेंबर २००६ मध्ये जाहीर झालेला हा कॅमेरा खास घरगुती वापरासाठी, पहिल्यांदाच मोठा कॅमेरा हाती घेणाऱ्यांसाठी बनवला होता. आता त्याचे उत्पादन होत नाही. पण जुन्या कॅमेऱ्यांच्या बाजारात तो अजूनही दिसतो. त्याचे गुणदोष नीट समजले, की त्या काळातल्या बाकीच्या कॅमेऱ्यांचीही पारख करता येते.

आरशाची करामत

या कॅमेऱ्यांना ‘एसएलआर’ म्हणतात. लेन्समधून आत आलेले दृश्य एका तिरप्या आरशावर पडते, तिथून वर जाते आणि आणखी काही आरशांवरून परावर्तित होऊन डोळ्यापर्यंत पोहोचते. म्हणजे छोट्या खिडकीतून तुम्ही जे पाहता, ते लेन्सला दिसणारे खरे दृश्य असते. बटण दाबले, की आरसा टपकन वर उचलला जातो, पडदा म्हणजे शटर उघडते आणि प्रकाश मागच्या संवेदकावर पडतो. ‘खटॅक’ असा जो ओळखीचा आवाज येतो, तो या आरशाचा आणि पडद्याचा.

रोलच्या जमान्यात संवेदकाच्या जागी फिल्म असे. तिची जागा ज्या चिपने घेतली, त्या ‘सीसीडी’ची कल्पना अमेरिकेतल्या बेल लॅब्समध्ये विलार्ड बॉइल आणि जॉर्ज स्मिथ यांनी १९६९ साली मांडली. त्याबद्दल त्यांना २००९ मध्ये भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. डी ४० मध्येही सीसीडीच आहे.

सुरुवातीचे डिजिटल एसएलआर सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर होते. कोडॅकने १९९१ मध्ये निकॉनच्याच एका फिल्म कॅमेऱ्याला डिजिटल भाग जोडून जो कॅमेरा विकायला आणला, तो जेमतेम १३ लाख बिंदूंचे चित्र टिपत असे. किंमत मात्र एवढी, की वृत्तसंस्था आणि मोठी वर्तमानपत्रेच तो घेऊ शकत. पुढे २००३ मध्ये कॅननने ‘ईओएस ३०० डी’ आणला आणि अमेरिकेत डिजिटल एसएलआरची किंमत प्रथमच हजार डॉलरच्या खाली आली. तीनच वर्षांनी आलेला डी ४० तर लेन्ससकट सुमारे ६०० डॉलरला मिळू लागला. मोठा कॅमेरा मध्यमवर्गीय घरांत शिरला तो याच काळात.

जमेच्या बाजू

पहिला गुण म्हणजे संवेदकाचा आकार. डी ४० चा संवेदक २३.७ मिलीमीटर लांब आणि १५.६ मिलीमीटर रुंद आहे. मोबाइलमधले संवेदक याच्यापेक्षा पुष्कळ लहान असतात. मोठ्या संवेदकामुळे आणि योग्य लेन्समुळे माणसाचा चेहरा स्पष्ट आणि मागची झाडे, भिंत, गर्दी मऊ, धूसर असा फोटो सहज मिळतो. मोबाइलही आता अशी धूसरता आणतो. पण बऱ्याचदा ती हिशेबाने रंगवलेली असते. केसांच्या बटा किंवा चष्म्याच्या काड्या आल्या, की त्याची चूक उघडी पडते. लेन्समधून आलेल्या धूसरतेत ही गफलत होत नाही.

दुसरा गुण तत्परता. बटण सरकवताच हा कॅमेरा तयार असतो आणि बटण दाबताच फोटो निघतो. त्या काळातल्या खिशात मावणाऱ्या कॅमेऱ्यांमध्ये बटण दाबल्यापासून फोटो निघेपर्यंत इतका वेळ जाई, की मेणबत्ती विझवणारे मूल तोवर केक खायला लागलेले असे. डी ४० एका सेकंदात साधारण अडीच फोटो काढतो. आजच्या मानाने हा वेग कमी आहे. पण धावणाऱ्या मुलाचा किंवा झोक्यावरच्या मुलीचा फोटो टिपायला पुरेसा आहे.

तिसरा गुण फ्लॅशचा, आणि तो फारसा कुणाच्या लक्षात येत नाही. बहुतेक एसएलआर कॅमेऱ्यांत फ्लॅश वापरताना पडद्याचा वेग सेकंदाच्या १/२०० किंवा १/२५० व्या भागापर्यंतच नेता येतो. डी ४० मध्ये तो १/५०० पर्यंत नेता येतो. याचा उपयोग काय? भर दुपारी सूर्य पाठीशी असताना माणसाचा चेहरा काळा पडतो. अशा वेळी मागचे आकाशही निळे राहावे आणि चेहराही उजळावा, हे या वेगामुळे साधते. अंगणातल्या मुंजीचे किंवा समुद्रकाठच्या सहलीचे फोटो काढणाऱ्याला याची किंमत कळेल.

चौथा गुण सोपेपणा. वरच्या चाकावर माणूस, डोंगर, मूल, खेळ, फूल, रात्र अशी चित्रे आहेत. प्रसंग पाहून चाक फिरवायचे, बाकीचे कॅमेरा पाहतो. एखादी गोष्ट कळली नाही, तर प्रश्नचिन्हाचे बटण दाबताच पडद्यावर माहिती येते. त्याच चाकावर पी, एस, ए, एम ही अक्षरेही आहेत. ज्याला शिकायचे आहे, त्याने तिथे वळायचे. लेन्सचे छिद्र किती उघडायचे, पडदा किती वेळ उघडा ठेवायचा, हे आपल्या हाताने ठरवायचे आणि परिणाम लगेच पडद्यावर पाहायचा. छायाचित्रणाचे अर्धे शिक्षण यातच आहे.

शिवाय कॅमेरा हलका आहे. बॅटरी सोडली, तर अंगाचे वजन ४७५ ग्रॅम. बॅटरी चांगली असेल, तर एकदा भरल्यावर चार-पाचशे फोटो निघतात. सारखा चार्जर शोधावा लागत नाही.

साठ लाख बिंदू पुरतात का?

जुना कॅमेरा म्हटला, की पहिला आक्षेप हाच निघतो. ‘अहो, मोबाइलमध्ये पन्नास मेगापिक्सेल आहेत आणि यात फक्त सहा!’ हिशेब करून पाहू. डी ४० चा फोटो ३००८ बिंदू लांब आणि २००० बिंदू रुंद असतो. उत्तम छपाईसाठी एका इंचात ३०० बिंदू धरले, तर १० इंच लांब आणि साडेसहा इंचांहून थोडा रुंद फोटो छापता येतो. २०० बिंदू धरले, तर १५ बाय १० इंचांचा फोटो भिंतीवर लावण्याजोगा निघतो. अल्बमसाठी, फ्रेमसाठी, मोबाइलवरून नातेवाइकांना पाठवण्यासाठी सहा मेगापिक्सेल पुरून उरतात.

मात्र एक मर्यादा आहे. फोटो नंतर कापायला वाव नाही. दूरच्या पक्ष्याचा फोटो काढून त्याचा मधला भाग मोठा करायचा म्हटले, तर लांबी आणि रुंदी दोन्ही निम्म्या केल्यावर हाती फक्त दीड मेगापिक्सेल उरतात. म्हणून या कॅमेऱ्याने चौकट आधीच नीट लावून फोटो काढावा लागतो. शिकणाऱ्याला ही सवय चांगलीच आहे. पण पक्षिनिरीक्षणाची आवड असणाऱ्याने दुसरा कॅमेरा पाहावा.

उणे बाजू

आता उणिवा. आणि त्या थोड्याथोडक्या नाहीत.

या कॅमेऱ्यात चलचित्रण होत नाही. एसएलआर कॅमेऱ्यात व्हिडिओची सोय प्रथम आली ती २००८ च्या निकॉन डी ९० मध्ये. मुलीचा स्नेहसंमेलनातला नाच टिपायचा असेल, तर मोबाइलच काढावा लागेल. मागच्या पडद्यावर दृश्य पाहून फोटो काढण्याचीही सोय नाही. डोळा खिडकीलाच लावावा लागतो. तो अडीच इंचांचा पडदा फक्त काढलेले फोटो आणि सूचना पाहण्यासाठी आहे.

कमी उजेडात डी ४० ची दमछाक होते. आयएसओ म्हणजे प्रकाशाला प्रतिसाद देण्याची क्षमता. ती २०० पासून १६०० पर्यंत आहे आणि गरज पडल्यास आणखी एक पायरी वर नेता येते. पण ८०० च्या पुढे गेल्यावर सावल्यांत रंगीत कण दिसू लागतात. आजचा मोबाइल क्षणार्धात अनेक फोटो काढून त्यांचे एकत्र मिश्रण करतो आणि रात्रीचा फोटो उजळ देतो. ती हुशारी या कॅमेऱ्यात नाही. मंद प्रकाशाच्या मंगल कार्यालयात, सोबतच्या साध्या लेन्सने आणि फ्लॅशशिवाय, मोबाइलच बाजी मारेल हे मान्य करायला हवे.

भर उन्हातही एक खोड आहे. हा कॅमेरा कधी कधी फोटो गरजेपेक्षा उजळ काढतो. पांढरा सदरा, नऊवारीची जर, ढगांचे काठ यांतले तपशील मग पांढरेफटक होतात आणि नंतर कितीही प्रयत्न केला, तरी परत येत नाहीत. उपाय सोपा आहे. अधिक-उणे चिन्हाच्या बटणाने उजेड उणे ०.३ किंवा उणे ०.७ वर ठेवावा.

फोकस धरण्याचे बिंदू तीनच आहेत, डावा, मधला आणि उजवा. वायफाय नाही. फोटो मोबाइलवर घ्यायचे, तर कार्ड काढून छोट्या कार्ड रीडरमधून घ्यावे लागतात. संवेदकावरची धूळ आपोआप झटकण्याची सोयही यात नाही. सतत लेन्स बदलली, तर आकाशाच्या फोटोत काळपट ठिपके दिसू लागतात.

लेन्सचा सापळा

सर्वांत जास्त पैसे वाया जातात ते लेन्सच्या खरेदीत. निकॉनच्या एसएलआरची लेन्स बसवण्याची कडी १९५९ पासून मूळ स्वरूपात तशीच आहे. त्यामुळे दुकानदार बिनदिक्कत सांगतो, ‘कोणतीही निकॉनची लेन्स बसेल.’ बसेल, हे खरे. चालेल, हे मात्र खरे नाही.

आपोआप फोकस होण्यासाठी लागणारी मोटर डी ४० च्या अंगात नाही. ती लेन्समध्येच असावी लागते. अशा लेन्सवर ‘एएफ-एस’ ही अक्षरे असतात. नुसते ‘एएफ’ लिहिलेली जुनी ५० मिलीमीटरची स्वस्त लेन्स घेतली, तर फोकस प्रत्येक वेळी हाताने फिरवावा लागतो. त्याहून जुन्या, पूर्ण हाताने चालणाऱ्या लेन्स लावल्या, तर उजेड मोजण्याचे कामही कॅमेरा करत नाही. उलट दिशेचाही एक सापळा आहे. २०१६ पासून आलेल्या ‘एएफ-पी’ लेन्स नव्या कॅमेऱ्यांसाठी आहेत. त्या डी ४० वर बसतात. पण त्यांचा फोकस होत नाही. म्हणजे नवी कोरी लेन्स घेऊनही हात चोळत बसण्याची वेळ येते.

मग घ्यावे काय? कॅमेऱ्याबरोबर येणारी १८ ते ५५ मिलीमीटरची लेन्स घरगुती कामाला चांगली आहे. पुढे पैसे जमले, तर २००९ मध्ये आलेली एएफ-एस ३५ मिलीमीटर, एफ १.८ ही लेन्स शोधावी. तिचे छिद्र मोठे उघडते, त्यामुळे घरातल्या दिव्याच्या उजेडातही फ्लॅशशिवाय फोटो निघतात. कमी उजेडाची जी उणीव वर सांगितली, ती या एका लेन्सने बरीच भरून निघते.

विकत घेताना काय पाहावे

मुंबईत फोर्टातला बोरा बाजार आणि दिल्लीत चांदणी चौकातला कुचा चौधरी हे भाग कॅमेऱ्यांच्या दुकानांसाठी प्रसिद्ध आहेत. लहान शहरांत बहुधा फोटो स्टुडिओवालेच जुने कॅमेरे घेतात आणि विकतात. कुठेही घ्या, पण दिवसाउजेडी आणि स्वतःचे कार्ड बरोबर नेऊन घ्या.

कार्डाचीही गोम आहे. ३२ जीबीपर्यंतची ‘एसडीएचसी’ कार्डे न्यावीत. ६४ जीबी आणि त्याहून मोठी कार्डे ज्या मानकाची असतात, ते २००९ साली, म्हणजे या कॅमेऱ्यानंतर आले. मोठे कार्ड घातले आणि कॅमेऱ्याने ते नाकारले, की माणसाला वाटते कॅमेराच बिघडला.

दुकानात या गोष्टी तपासून पाहाव्यात. लेन्सचे छिद्र सर्वांत लहान ठेवून पांढऱ्या भिंतीचा किंवा मोकळ्या आकाशाचा फोटो काढावा. संवेदकावर धूळ असेल, तर ठिपके दिसतील. लेन्सवर टोपी लावून काही सेकंदांचा फोटो काढावा. काळ्या चित्रात चमकणारे रंगीत बिंदू फार असतील, तर सौदा सोडावा. फ्लॅश उघडून दोन-चार वेळा उडवून पाहावा. लेन्स कॅमेऱ्यातून काढून तिच्यातून विजेरीचा झोत टाकावा. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले, तर ती बुरशी समजावी आणि ती लेन्स घेऊ नये.

पडदा आजवर किती वेळा उघडला, हा आकडा डी ४० च्या फोटोतच नोंदलेला असतो. संगणकावर फोटोची माहिती वाचणारी सॉफ्टवेअर तो दाखवतात. गाडीचे किलोमीटर पाहतो, तसाच हा आकडा पाहावा. लाखाच्या आसपास गेलेला कॅमेरा भरपूर राबलेला समजावा. मूळ बिल मागावे आणि त्यावरचा क्रमांक कॅमेऱ्याच्या बुडावरच्या क्रमांकाशी जुळवून पाहावा. चोरीचा माल स्वस्त मिळतो. पण पुढे महाग पडतो.

बॅटरीची विचारणा सर्वांत आधी करावी. इतक्या वर्षांची बॅटरी फुगलेली किंवा लवकर उतरणारी असू शकते. फुगलेली बॅटरी कॅमेऱ्यात मुळीच घालू नये. नव्या बॅटरीचा खर्च धरूनच भाव ठरवावा.

घरातला कॅमेरा सांभाळताना

आपल्याकडे कॅमेऱ्याचा खरा शत्रू दमट हवा. कोकणात, मुंबईत, गोव्यात पावसाळ्याचे चार महिने चामड्याच्या पिशवीत बंद ठेवलेली लेन्स बुरशीच्या तावडीत सापडते. कॅमेरा घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावा आणि पुड्यांचा रंग बदलला, की त्या बदलाव्यात. दीर्घकाळ वापरणार नसाल, तर बॅटरी काढून वेगळी ठेवावी. महिन्यातून एकदा तरी कॅमेरा बाहेर काढून पंधरा-वीस फोटो काढावेत. वापरातल्या वस्तूला बुरशी सहसा शिवत नाही.

लेन्सची काच साडीच्या पदराने किंवा रुमालाने पुसू नये. आधी रबरी फुग्याने धूळ उडवावी, मग मऊ कापडाने पुसावी. आतल्या संवेदकाला तर बोटच काय, कापडही लावू नये. फुग्याने काम झाले नाही, तर जाणकाराकडे न्यावा.

आणखी एक बारीक गोष्ट. बराच काळ बॅटरीविना राहिलेला कॅमेरा तारीख विसरतो. पहिल्यांदा सुरू केल्यावर तारीख-वेळ लावावी. नाही तर यंदाच्या बारशाचे फोटो संगणकात भलत्याच वर्षाचे म्हणून जाऊन बसतात आणि पुढे शोधताना नाकीनऊ येतात.

कुणासाठी आणि कुणासाठी नाही

ज्याला व्हिडिओ हवा आहे, काढताक्षणी फोटो सगळ्यांना पाठवायचे आहेत, गडबडीत एका हाताने काम उरकायचे आहे, त्याने जुन्या कॅमेऱ्याच्या नादी लागू नये. मोबाइल त्याच्यासाठी उत्तम. ज्याला लग्नाची कामे घेऊन पोट भरायचे आहे, त्यालाही हा कॅमेरा अपुरा पडेल. गिऱ्हाईक एकच मंगळसूत्र दोनदा बांधून देणार नाही. तिथे भरवशाचे, नवे साधन हवे.

पण ज्या मुलामुलीला छायाचित्रण खरोखर शिकायचे आहे, त्यांच्यासाठी जुना एसएलआर ही चांगली पाटी-पेन्सिल आहे. चुकले, तर पुसायचे आणि पुन्हा गिरवायचे. छिद्र, पडदा, उजेड ही बाराखडी डी ४० वर पक्की झाली, की ती पुढे कुठल्याही कॅमेऱ्यावर उपयोगी पडते. मुलाची हौस सहा महिन्यांत ओसरली, तरी घराचे फार नुकसान होत नाही. आणि टिकली, तर मोठा कॅमेरा घेण्याचा विचार डोळसपणे करता येतो. मुलाला कॅमेरा देताना एक अट मात्र जरूर घालावी. महिन्याला निदान दहा चांगले फोटो निवडायचे आणि बाकीचे पुसून टाकायचे. निवडता येणे हाच शिक्षणाचा मोठा भाग आहे.

आणि ज्यांच्या घरी असा कॅमेरा आधीच आहे, त्यांनी मिळेल त्या भावाला तो काढून टाकण्याची घाई करू नये. हाती येणारी रक्कम लहान असते. त्यापेक्षा एखाद्या रविवारी सकाळी खिडकीशी खुर्ची ठेवावी, घरातल्या वडीलधाऱ्यांना तिथे बसवावे, फ्लॅश बंद करावा आणि सावकाश, गप्पा मारत त्यांचे फोटो काढावेत. मोबाइलमध्ये त्यांचे शेकडो फोटो असतील. पण बरेचसे जेवताना, घाईत, अर्धे कापलेले. शांतपणे बसवून काढलेला एकही नसतो, हे पुष्कळ घरांना फार उशिरा, हार घालण्यासाठी फोटो शोधायची वेळ येते तेव्हा कळते.

काढलेल्या फोटोंपैकी दोन-तीन छापून आणावेत. मोबाइल हरवतो, कार्ड बिघडते, संगणक बदलतो. कागदावरचा फोटो भिंतीवर राहतो आणि येता-जाता दिसतो. कॅमेरा सहा मेगापिक्सेलचा होता की साठचा, हे तो पाहताना कुणीच विचारत नाही.